गिरगाव आणि गिरगावकर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं लहानपण ठाकूरद्वारच्या बाजूला एका चाळीत गेलं, आता राहते डोंबिवलीला. ऑफिसमधले, सोसायटीतले लोक, भाचेमंडळी, सगळे तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलंय. चौपाटीवर भेळ खाऊन लोक परत जातात आणि पाठीमागच्या गल्ल्यांमध्ये काय काय घडलं ते त्यांना माहीतच नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गिरगाव नक्की कुठून कुठपर्यंत?

नकाशावरची रेघ दाखवता येणार नाही, पण ढोबळमानाने सांगते. चर्नी रोड स्टेशनच्या पश्चिमेला समुद्र आणि चौपाटी, पूर्वेला जगन्नाथ शंकरशेट मार्ग म्हणजे आमचा गिरगाव रोड आणि त्याला दोन्हीकडून फुटलेल्या वाड्या. एका टोकाला ठाकूरद्वार, फणसवाडी, दुसऱ्या टोकाला प्रार्थना समाज, ऑपेरा हाऊस. खेतवाडीवाले स्वतःला खेतवाडीचे म्हणवतात, गावदेवीवाले गावदेवीचे, पण बाहेरच्या माणसाने विचारलं की सगळे गिरगावकरच. खाली मी गावदेवी, ग्रँट रोड, मरीन ड्राइव्हवरचे जिमखाने हे सगळं धरूनच लिहिलंय कारण सगळं चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

नाव कसं पडलं? आणि वाड्यांना फळं-भाज्यांची नावं का?

गिरी म्हणजे डोंगर, त्याच्या पायथ्याचं गाव ते गिरगाव. डोंगर म्हणजे मलबार हिल. आणि वाड्यांचं म्हणाल तर इथे खरोखरच वाड्या होत्या, झाडांच्या. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, ताडवाडी. मुगभाट, बोरभाट यातलं भाट म्हणजे लागवडीची जमीन. शहर वाढलं तशी झाडं गेली, चाळी आल्या, नावं तेवढी राहिली. आता केळेवाडीत केळीचं एक पान दिसणार नाही पण पत्ता सांगताना आम्ही अजून केळेवाडीच म्हणतो, पाटीवर डॉ. भालेराव मार्ग असलं तरी.

जगन्नाथ शंकरशेट म्हणजे नक्की कोण? रस्त्याला नाव आहे एवढंच माहीत आहे.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं. नाना शंकरशेट, जन्म १८०३, निधन १८६५. दैवज्ञ समाजातलं श्रीमंत व्यापारी घराणं, गिरगावात मोठा वाडा. नाना चौक त्यांच्याच नावाचा, तिथलं भवानीशंकर मंदिर त्यांच्या घराण्याचं. मॅट्रिकला संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्या मुलाला जी शंकरशेट स्कॉलरशिप मिळायची, जिचा उल्लेख जुन्या लोकांच्या चरित्रात हमखास असतो, तीही त्यांच्याच नावाची.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे सुटली, ती रेल्वे आणण्यासाठी धडपडलेल्या लोकांत नाना होते. ग्रँट रोडला १८४६ साली जे थिएटर उभं राहिलं त्याला जागा नानांनी दिली, आणि सांगलीहून आलेल्या विष्णुदास भाव्यांनी १८५३ साली आपली नाटकं तिथेच लावली. म्हणजे मुंबईत मराठी नाटकाला पक्कं छप्पर मिळालं ते या माणसामुळे.

पण मला विचाराल तर यापेक्षा मोठी गोष्ट १८४९ ची. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांनी मुलींसाठी शाळा काढायचं ठरवलं तेव्हा नानांनी स्वतःच्या वाड्याच्या आवारात जागा दिली. १८४९ म्हणजे पुण्यात फुल्यांची शाळा सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेलं, मुलगी शिकली की घराला अवदसा येते असं उघड बोललं जायचं, आणि त्या काळात जातीतल्या लोकांचा रोष पत्करून एवढ्या मोठ्या प्रतिष्ठेचा माणूस म्हणतो की माझ्या दारात भरवा शाळा. पैसे देणारे पुष्कळ असतात हो, पण घराचं दार उघडणं वेगळं.

प्रार्थना समाज हा बस स्टॉप आहे की संस्था?

दोन्ही. कंडक्टर ओरडतो ते नाव एका संस्थेचं आहे, आणि तिचं मंदिर तिथेच आत आहे. डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज सुरू केला, पुढे न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर त्यात आले. मूर्ती नाही, जातिभेद नाही, तुकोबांचे अभंग आणि प्रार्थना. हेच आत्माराम पांडुरंग पुढे १८८३ ला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत होते. त्या आठांत भारतीय दोनच, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. हे सखाराम अर्जुन म्हणजे नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या आणि पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील.

बरं, एवढ्यावर थांबत नाही. १८७५ ला स्वामी दयानंदांनी आर्य समाज स्थापन केला तो गिरगावात, काकडवाडीतलं आर्य समाज मंदिर अजून आहे. १८७९ ला मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट थिऑसॉफिकल सोसायटी घेऊन भारतात आले आणि राहिले कुठे, तर १०८ गिरगाव बॅक रोड, म्हणजे आताचा व्ही. पी. रोड. म्हणजे बघा, बारा वर्षांत तीन चळवळी, तिन्हींची मतं एकमेकांपासून लांब, आणि तिन्ही एकाच मोहल्ल्यात. मला वाटतं याचं कारण सरळ आहे, शिकलेला मध्यमवर्ग इथे दाटीवाटीने राहत होता, व्याख्यान ठेवलं की हॉल भरायचा, आणि ऐकून घरी जाताना वाद घालायला शेजारी होताच.

लोकमान्य टिळक तर पुण्याचे, मग चौपाटीवर पुतळा कसा?

कारण त्यांच्यावर अंत्यसंस्कार इथे झाले. १ ऑगस्ट १९२० ला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात ते गेले. नेहमीच्या स्मशानात एवढी गर्दी मावणारच नव्हती म्हणून चौपाटीवर दहनाची खास परवानगी मिळाली. पाऊस कोसळत होता आणि तरी लाखांवर माणूस रस्त्यावर. पार्थिव पद्मासनात बसवलेलं, खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते. त्या जागेला स्वराज्यभूमी म्हणतात ते यासाठी.

नंतरही चौपाटी सभांची जागा राहिली. २० नोव्हेंबर १९५५ ला मोरारजी देसाई आणि स. का. पाटलांची सभा इथेच झाली आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीविरुद्ध बोलल्यामुळे लोकांनी ती उधळली, दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. वाळूत बसून सूर्यास्त बघताना हे आठवलं ना की अंगावर काटा येतो.

मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती कुठला?

केशवजी नाईक चाळीचा, खाडिलकर रोडवर. १८९३ पासून. लोकमान्य स्वतः १९०१ मध्ये इथे आले होते. मूर्ती छोटी, शाडूची, आणि मिरवणूक पालखीतून. डोळे दिपवणारं काही नाही, पण एवढ्या वर्षांत त्यांनी साधेपणा सोडला नाही आणि हे मुंबईत फार कठीण आहे. मोठी मूर्ती बघायची असेल तर निकदवरी लेनमधला गिरगावचा राजा बघा, तीही शाडूचीच, एवढी उंच असून.

गिरगावातल्या बायकांबद्दल कुणी लिहीत नाही, खरंच कुणी नव्हतं का?

होत्या, आणि चांगल्या दणदणीत होत्या. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला शारदा सदन सुरू केलं ते चौपाटीजवळच्या भाड्याच्या घरात. पुण्याला ते नंतर गेलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी, ज्या पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या, आपल्या बाया कर्वे. पुढचा कर्व्यांचा हिंगण्याचा विधवाश्रम, पुढचं महिला विद्यापीठ, या सगळ्याचं एक टोक चौपाटीजवळच्या त्या घरात आहे. अवंतिकाबाई गोखले चंपारणला गांधीजींबरोबर काम करून आल्या, मराठीत त्यांचं चरित्र लिहिलं, इथे हिंद महिला समाज उभा केला. त्यांच्या नावाचा रस्ता ऑपेरा हाऊसच्या बाजूला आहे, शंभर वेळा त्यावरून गेलेल्या लोकांनाही त्या कोण हे सांगता येत नाही.

आणि उषा मेहता. यांच्यासाठी वेगळा प्रश्न घेते.

काँग्रेस रेडिओ खरंच गिरगावातून चालत होता?

हो, आणि ही गोष्ट प्रत्येक शाळेत सांगायला हवी असं मला वाटतं. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकला, म्हणजे आताच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर, चले जावचा ठराव झाला, पहाटेपर्यंत सगळे मोठे नेते आत. पेपरांवर बंधनं. कुठे काय चाललंय कळायला मार्ग नाही. तेव्हा विल्सन कॉलेजात शिकलेली २२ वर्षांची उषा मेहता आणि तिचे दोन-चार साथीदार, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई ठक्कर, यांनी ट्रान्समीटर जमवला. शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींनी सामान पुरवलं. २७ ऑगस्टला चौपाटीवरच्या सी व्ह्यू बिल्डिंगमधून पहिलं प्रसारण झालं. घोषणा अशी की हा काँग्रेस रेडिओ, ४२.३४ मीटरवर, भारतातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून बोलतोय.

कुठल्यातरी ठिकाणाहून, म्हणजे आमच्या गल्लीतून! पोलिसांची गाडी सिग्नल शोधत फिरायची म्हणून हे लोक सारखी जागा बदलायचे. जवळजवळ तीन महिने हे चाललं. १२ नोव्हेंबरला गिरगावातल्याच पारेखवाडीत प्रसारण चालू असताना पोलीस दारं तोडून आत आले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा, १९४६ ला सुटका. चौकशीत त्यांनी तोंड उघडलं नाही. नंतर त्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या, १९९८ ला पद्मविभूषण मिळालं, आणि शेवटपर्यंत खादीची पांढरी साडी नेसून मणिभवनचं काम बघत होत्या.

व्ही. पी. रोडवरून जाताना मी अजून वर खिडक्यांकडे बघते. चाळीत एका खोलीत रेडिओ लावला तर चार खोल्यांना ऐकू जातो. तिथे ट्रान्समीटर लपवायचा म्हणजे शेजारपाजाऱ्यांनी बघून न बघितल्यासारखं केल्याशिवाय ते जमलंच नसणार असं मला नेहमी वाटतं.

मणिभवन बघण्यासारखं आहे का?

आहे. गावदेवीत लॅबर्नम रोडवर, शांत गल्ली. रेवाशंकर झवेरींचं घर, १९१७ ते १९३४ मुंबईत आले की गांधीजी इथे उतरायचे. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे गच्चीवरच्या तंबूतून त्यांना अटक झाली, ती गच्ची बघा. लायब्ररी चांगली आहे, एक तास हाताशी ठेवा.

सिनेमाचा आणि गिरगावचा काय संबंध?

जन्माचा. दादासाहेब फाळक्यांनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि आपले देव असे पडद्यावर का नाही दिसणार हे डोक्यात बसलं, ते थिएटर गिरगावातलं अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस. दुसऱ्यांदा बघायला बायकोला, सरस्वतीबाईंना घेऊन गेले. पुढे सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला भोकं पाडली, युनिटचा स्वयंपाक केला, तेव्हा कुठे राजा हरिश्चंद्र तयार झाला. ३ मे १९१३ ला तो लोकांसाठी लागला तो गिरगावातल्या कोरोनेशनला.

मग १४ मार्च १९३१. मॅजेस्टिक सिनेमात आलम आरा लागला, अर्देशीर इराणींचा, भारतातला पहिला बोलपट. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले, चार आण्यांचं तिकीट ब्लॅकने चार-पाच रुपयांना गेलं असं जुनी माणसं सांगायची. आता तिथे मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. सेंट्रल सिनेमाही गेला.

आणि हो, राजेश खन्ना ठाकूरद्वारचा, जितेंद्र गिरगावच्या चाळीतला. दोघं एकाच शाळेत, सेंट सेबॅस्टियन गोवन हायस्कूलमध्ये. तेव्हा एक जतीन होता आणि एक रवी. माझी आजी राजेश खन्नाचा पिक्चर टीव्हीवर लागला की "आपल्या वाडीकडचा पोरगा" असंच म्हणायची.

नाटकवाले आणि गाणारे कोण कोण?

यादी करत बसले तर संपणार नाही. खाडिलकर रोड म्हणजे नाट्याचार्य कृ. प्र. खाडिलकर, कीचकवध लिहून इंग्रज सरकारला हादरवणारे. त्यांनी १९२३ ला सुरू केलेलं नवाकाळ तिथूनच निघायचं. त्यांचंच मानापमान ८ जुलै १९२१ ला बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र केलं, ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात, टिळक स्वराज्य फंडासाठी. असा योग परत आला नाही कारण तीनच महिन्यांत केशवराव गेले.

मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ चा, डॉ. अ. ना. भालेरावांनी त्यासाठी अक्षरशः आयुष्य घातलं, केळेवाडीतल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. चर्नी रोडला उतरलं की पाच मिनिटं. प्रभाकर पणशीकरांचा जन्म फणसवाडीतला, आणि तारीख बघा, १४ मार्च १९३१, म्हणजे पलीकडे मॅजेस्टिकला आलम आरा लागला तोच दिवस! तो मी नव्हेच मधल्या पाच भूमिका त्यांनी फिरत्या रंगमंचावर हजारो प्रयोग केल्या. संघात नाटक बघायचं म्हणजे मध्यंतरात बटाटेवडा, आणि बाहेर पडताना कुठल्या नटाने कुठे वाक्य खाल्लं यावर जिन्यातच चर्चा, ती ऐकायला मला नाटकाइतकीच मजा यायची.

गाण्याचं सांगायचं तर ऑपेरा हाऊसजवळ प्रा. बी. आर. देवधरांचं स्कूल ऑफ इंडियन म्युझिक, १९२५ पासून. कुमार गंधर्व अकरा-बारा वर्षांचे असताना इथे शिकायला आले. लक्ष्मीबाग हॉलच्या मैफिलींबद्दल वडीलधारे असे बोलायचे की जणू कालच ऐकून आलेत. रॉयल ऑपेरा हाऊस स्वतः १९११-१२ चं, १९९३ ला बंद पडलं, २०१६ ला पुन्हा उघडलं. आतला झुंबरांचा थाट बघायला मिळाला तर सोडू नका.

पुस्तकांचं गिरगाव म्हणजे काय?

खटाववाडीत मौज प्रकाशन गृह. श्री. पु. भागवत, त्यांचे भाऊ वि. पु., राम पटवर्धन, आणि सत्यकथा मासिक. सत्यकथेत कथा छापून आली म्हणजे लेखक झाला असं मानायचा काळ होता. श्री. पु. हस्तलिखितावर सूचना करकरून लेखकाला परत लिहायला लावायचे आणि लेखक लिहायचेही. त्याच सत्यकथेचा अंक साठच्या दशकाच्या शेवटी लिटल मॅगझिनवाल्या, म्हणजे स्वतःची छोटी अनियतकालिकं काढणाऱ्या तरुणांनी जाळला, हे मासिक प्रस्थापितांचं आहे, आमचं जगणं यात येत नाही म्हणून. मला दोन्ही बाजू पटतात. एक दर्जासाठी भांडत होते, दुसरे दार उघडा म्हणत होते. १९८२ ला सत्यकथा बंद पडलं.

आणि केशवराव कोठावळे. १९४२ च्या सुमाराला मॅजेस्टिक सिनेमाजवळ पुस्तकं विकायला बसलेला माणूस, त्या जागेवरून मॅजेस्टिक बुक स्टॉल, मग प्रकाशन, मग १९६४ पासून ललित मासिक. सिनेमा गेला, पण त्याचं नाव मराठी पुस्तकांवर छापलं जातंय अजून.

पु. ल. देशपांडे गिरगावकर की पार्लेकर?

जन्म ८ नोव्हेंबर १९१९, गावदेवीतल्या कृपाळ हेमराज चाळीत. वाढले जोगेश्वरी आणि पार्ल्यात. पार्लेकरांनी भांडू नये, जन्म आमचा, बाकी सगळं त्यांचं.

क्रिकेटमध्ये कोण?

मरीन ड्राइव्हवरचा पी. जे. हिंदू जिमखाना घ्या. पळवणकर बाळू, दलित घरातले, पुण्याहून मुंबईत येऊन या जिमखान्याकडून खेळले. जातीवरून आक्षेप घेणारे होतेच, पण डावरी फिरकी अशी की त्यांना बाहेर ठेवणं परवडणार नव्हतं. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ विकेट काढल्या तरी कप्तानपद त्यांना नाही मिळालं. ते मिळालं त्यांचा भाऊ विठ्ठल याला, १९२३ मध्ये, आणि हिंदू संघ त्याच्या हाताखाली जिंकला.

आणि माझा सगळ्यात आवडता, एकनाथ सोलकर. वडील याच जिमखान्याचे माळी, म्हणजे ग्राउंड्समन, कुटुंब मैदानातल्याच एका खोलीत. पोरगा स्कोअरबोर्डचे आकडे बदलता बदलता क्रिकेट शिकला. २७ टेस्ट, ५३ कॅच, बहुतेक सगळे फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेट न घालता, बॅटपासून हातभर अंतरावर. १९७१ ला ओव्हलवर अ‍ॅलन नॉटचा पुढे झेपावून घेतलेला कॅच, त्या जोरावर आपण इंग्लंडमध्ये पहिल्यांदा टेस्ट आणि सिरीज जिंकलो. जिमखान्यासमोरून लोक सेल्फी काढत जातात ना, त्यांना थांबवून हे सांगावंसं वाटतं.

खोताची वाडी बघायला जाता येतं का?

जाता येतं, रस्ता सगळ्यांचाच आहे, पण तिथे माणसं राहतात हे लक्षात ठेवून. खोत म्हणजे दादोबा वामन खोत, पाठारे प्रभू, त्यांनी ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या इथल्याच मराठी बोलणाऱ्या ख्रिश्चन कुटुंबांना प्लॉट दिले. लाकडी जिने बाहेरून, कौलं, रंगीत व्हरांडे, कोपऱ्यावर क्रूस. एकेकाळी पासष्टेक बंगले होते, आता तिसाच्या आत आले. फॅशन डिझायनर जेम्स फरेरा यांचं घराणं इथलंच, वाडी वाचवायला ते वर्षानुवर्षं बोलतायत. दुपारी जाऊ नका, लोक झोपलेले असतात. कुणाच्या व्हरांड्यात चढून फोटो काढू नका, खिडकीत कॅमेरा घालू नका. नाताळाच्या आठवड्यात संध्याकाळी गेलात तर कंदील लागलेले असतात आणि वाडी फार सुंदर दिसते.

चाळीत राहणं खरंच इतकं छान होतं का?

छान होतं आणि कठीणही होतं. आमची पागडीची खोली, दोन खणी, आठ माणसं. पोटमाळ्यावर काका अभ्यास करायचा, डोकं वर केलं की छताला लागायचं. पाणी पहाटे पावणेपाचला, आई पिंप भरून घ्यायची त्याचा आवाज हाच आमचा अलार्म. संडास सामाईक, मजल्याच्या टोकाला, पावसाळ्यात छत्री घेऊन रांग. सुनेला दोन मिनिटं एकटं रडायलासुद्धा जागा नसायची, हे माझ्या आईनेच मला सांगितलंय.

पण गॅलरीच्या कठड्याला टेकून उभं राहिलं की सगळा मजला आपला. आजोबा गेले तेव्हा आमच्या घरात तेरा दिवस चूल पेटली नाही, डबे कुठून कुठून आले ते आईने वहीत लिहून ठेवले होते, परत करायचे म्हणून. त्या वहीत बावीस घरांची नावं होती.

विसर्जनाला यावं की पाडव्याला?

पहिल्यांदा येत असाल तर पाडव्याला. सकाळची शोभायात्रा, ढोलताशे, नऊवारीत बुलेटवर बसलेल्या मुली, दुपारपर्यंत मोकळे होता. अनंत चतुर्दशीला लहान मुलं आणि म्हातारी माणसं आणू नका, चौपाटीकडे जाणारे रस्ते बंद होतात आणि चर्नी रोड स्टेशनच्या पुलावर उभं राहायला जागा नसते. आणि पाण्यात उतरू नका, पावसाळ्याच्या सुमाराला जेलीफिश येतात, दंश झाला तर मोठा त्रास होतो.

खायचं कुठे?

मिसळ विनय हेल्थ होमला. पियुष पणशीकरांकडे. चौपाटीसमोर न्यू कुल्फी सेंटरला कुल्फी वजनावर मिळते. बास, बाकी नाकाला वास येईल तिकडे वळा.

यायचं कसं आणि एका दिवसात काय काय होईल?

चर्नी रोड स्टेशन आहेच, आणि ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ चं गिरगाव स्टेशन सुरू झालंय. गाडीने कोस्टल रोडच्या बोगद्यातून बाहेर पडलात की चौपाटीच, पण पार्किंगच्या नादाला लागू नका. मी पाहुण्यांना अशी फिरवते, सकाळी मणिभवन, तिथून चालत ऑपेरा हाऊस, प्रार्थना समाज, मग गिरगाव रोडने मॅजेस्टिकची जागा, केशवजी नाईक चाळ, विनयची मिसळ, फडके वाडीचा गणपती. चार वाजता खोताची वाडी, केळेवाडीतून उलटं चौपाटीवर. सूर्य बुडताना टिळकांच्या पुतळ्यापाशी.

जुनं गिरगाव आता उरलंय का?

कमी कमी होतंय. मेट्रोच्या गिरगाव आणि काळबादेवी स्टेशनांसाठी काही इमारती गेल्या, बाकी रिडेव्हलपमेंटमध्ये. लोक विचारतात, तुला वाईट नाही वाटत? वाटतं. पण ज्या घरात टेकू लावून बायका स्वयंपाक करतात ती घरं तशीच राहावीत असं बाहेर राहून मी कुठल्या तोंडाने म्हणू? नवी बिल्डिंग व्हावी, फक्त तिथल्याच माणसाला मिळावी आणि वेळेत मिळावी. आमची चाळ रिकामी करून घेतली तेव्हा तीन वर्षांत घर देतो म्हणाले होते, दहा झाली. बाबा दर महिन्याला एकदा सकाळची ट्रेन पकडून जाऊन बघून येतात, किती मजले वर चढले ते. गेल्या खेपेला पाचवा चढला होता.